ठोकळा उसवताना

पाकिटं ताईनं सकाळीच मांडून ठेवली होती. जेवणाचं टेबल ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसून त्यावर वर्तमानपत्र अंथरलं होतं, आणि पाच खाकी पाकिटं एका ओळीत. आईसाठी हिरवं स्केचपेन, स्वतःसाठी निळं, दादासाठी लाल, धाकट्या बारक्यासाठी काळं आणि घरासाठी तपकिरी. नावं लिहायचं काम वहिनीकडे होतं. वहिनी म्हणजे दादाची बायको. ती रंगाच्या दुकानात डबे घुसळून गिऱ्हाइकाला हवी ती छटा जुळवून द्यायची, आणि डब्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून तिचं अक्षर घोटीव झालं होतं.

"ताई, हे तपकिरी पेन गळतंय," वहिनी म्हणाली. तिच्या अंगठ्याला आणि तर्जनीला डाग लागले होते.

"असू दे. दुसरं नाहीये."

"आत काही नसताना आधी पाकिटावर नाव?"

"आमच्याकडे तसंच. आधी बाटलीवर चिठ्ठी, मग बाटलीत पाणी. उलटं केलं की घोटाळा होतो."

आमच्याकडे म्हणजे पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. शहरभरच्या टाक्यांचं पाणी ताईच्या हाताखालून गेलं होतं. महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती, आणि महिना संपत आला होता. निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, कपाटाची किल्ली कुणाकडे द्यायची तेही ठरलं होतं. फक्त पेन्शनची फाइल अडली होती. नोकरीच्या नोंदीत जन्माचा महिना एक होता आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा, आणि हे इतक्या वर्षांत कुणाच्याही नजरेला आलं नव्हतं.

"जन्मनोंदीचा क्रमांक आणा," आस्थापनेतल्या बाई म्हणाल्या होत्या. "क्रमांक असला की नोंदणी कार्यालय तासाभरात नक्कल देतं. नसला तर जुन्या वह्या हातानं चाळतात. महिनेच्या महिने जातात हो."

"आणि तोवर?"

"तोवर फाइल माझ्या टेबलावर. सोमवारी आणलंत तर मी स्वतः पुढे सरकवते."

उद्या सोमवार होता.

जन्माचा दाखला घरात होता, पण ठोकळ्यात. बाबा बाइंडर होते. दुकान बंद करायच्या आधी त्यांनी शेवटचं पुस्तक बांधलं ते घरच्या कागदांचं. दाखले, खतं, करारपत्रं, आईबाबांच्या लग्नाची नोंद, प्रत्येक कागद पट्टीला चिकटवून, पट्टीसकट दोऱ्यानं शिवून, वर निळ्या कापडाचा पुठ्ठा. घरात त्याला पहिल्या दिवसापासून सगळे ठोकळा म्हणत. ताईनं ठोकळ्यातल्या आपल्या पानाच्या तिन्ही कडा विजेरी धरून पाहिल्या होत्या. वर, खाली, उजवीकडे, कुठेच आकडा नव्हता. म्हणजे तो चौथ्या कडेला, शिलाईत दडलेला असणार. अनुमान साधं होतं. ठोकळा उसवल्याशिवाय इलाज नव्हता.

आणि ठोकळा उसवला की घराचं खरेदीखतही सुटं होणार होतं. दादाला नेमकं तेच हवं होतं. मागच्या आठवड्यात जेवताना त्यानं विषय काढला होता. घर पाडायचं, बिल्डर इमारत बांधणार, एक मजला त्याला, एक बारक्याला. बिल्डरच्या वकिलानं खताची झेरॉक्स परत पाठवली होती, कारण तिच्यावरही दस्ताचा क्रमांक दिसत नव्हता. आई ठोकळा कुणाला उसवू देत नव्हती, म्हणून सगळं अडलं होतं. आता ताईच्या पेन्शनसाठी ती नाही म्हणू शकत नव्हती.

ताई कुठे राहणार हे त्या रात्री कुणी विचारलं नाही. तिनंच विचारलं तेव्हा दादा मनापासून आश्चर्यानं म्हणाला होता, "म्हणजे काय, तू आमच्याकडेच की."

आमच्याकडे. माडीवरची मागची खोली, भिंतीतलं कपाट, खिडकीतला जुना सूक्ष्मदर्शक, हे सगळं त्या एका शब्दात मावत नव्हतं. तिनं पाचही पाकिटांच्या कडा एका रेषेत आणल्या आणि कात्री कुठे ठेवली ते आठवू लागली. कात्री तिच्या हातातच होती.

*

ठोकळा आईच्या मांडीवर होता. सगळे येईपर्यंत तो टेबलावर ठेवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. बारक्या सगळ्यांत शेवटी आला, बुटांसकट आत शिरणार होता, आईनं नुसतं बघितल्यावर मागे फिरला.

"काय आई, ठोकळ्याचं बाळंतपण आज?" तो म्हणाला. बारक्या क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर एकटा बसून राहिल्यामुळे खाली आला की त्याला बोलल्याशिवाय चैन पडत नसे.

"बस तिकडे. चहा घे."

"दादानं बिल्डरलाही बोलावलंय का चहाला?"

"टोमणे मारायला आलायस का मदतीला?" दादा म्हणाला.

"दोन्ही. एवढ्या लांबून आलोय, एकाच कामासाठी परवडत नाही." बारक्यानं खुर्ची उलटी करून तिच्यावर बैठक मारली. "ऐक दादा, ताईचा कागद काढायचा, बाकीचे परत शिवायचे. घराचं खत बाहेर निघणार नाही. माझी संमती नाही."

"तुला कधी विचारलं नाही असं झालंय का? फोन केला तर म्हणतोस, वर आहे, वारा आहे, ऐकू येत नाही."

"वारा असतोच वर."

"वरचा मजला तुझ्यासाठी मागितलाय. वाराच वारा. गच्चीला लागून."

बारक्या काहीतरी म्हणायला गेला आणि त्यानं चहाचा घोट घेतला. "गच्ची कुणाची मग?" त्यानं विचारलं, बऱ्याच मऊ आवाजात.

आईनं ते ऐकलं. ताईनंही ऐकलं, कारण ती एकदम पाकिटं पुन्हा सरळ करायला लागली. हा मुलगा लहानपणापासून असाच, आईच्या मनात आलं. भांडायला पुढे, आणि हातावर काहीतरी ठेवलं की गप्प.

तिनं ठोकळ्यावरून हात फिरवला. कापड कोपऱ्यांवर गुळगुळीत झालं होतं. दुकानाच्या शेवटच्या आठवड्यात तिचा नवरा घरभर कागद मागत फिरत होता. तुझा दे, त्याचा दे, तुझ्या माहेरहून आणलेला तो दे. ती म्हणाली होती, सुटे असू देत, एखादा लागला तर काढता येईल. त्यावर तो म्हणाला होता, सुटे कागद माणसं एकेकटी घेऊन जातात. इतकंच. मग दिवाणखान्यात जमिनीवर बसून सुईच्या दोऱ्याला मेण लावत राहिला होता. शिवताना पानं घट्ट धरायला त्याला दुसरे हात लागत. ते हात तिचे होते.

"आई," ताई म्हणाली. "नको वाटत असेल तर सांग. मी उद्या बाईंना सांगते, वह्या चाळा म्हणून."

"आणि तोवर तू काय करशील?"

"माझं भागेल गं. थोडंफार आहे साठलेलं."

"भागेल म्हणजे भावांकडे मागशील का?"

ताईचे ओठ बारीक झाले. मागणं हा शब्द हिला लहानपणापासून जमलेला नाही. पेन्सिल संपली तरी अर्ध्या बोटाएवढ्या तुकड्यानं लिहायची.

"दे ती कात्री," आई म्हणाली. "मी धरलं होतं, मीच कापते."

तिनं ठोकळा टेबलावर ठेवला, पानांच्या मधोमध उघडला आणि पहिला टाका शोधला. दोरा अजून ताठ होता. कात्रीचं टोक तिनं त्याच्याखाली सरकवलं. दोरा तुटला तेव्हा बारीकसा आवाज झाला.

*

दादाचं चष्म्याचं दुकान होतं. डोळ्याला लावायचं छोटं भिंग त्यानं खिशात आणलं होतं. ताईला उपयोगी पडेल असं तो वहिनीला म्हणाला होता, आणि ते खरंही होतं. पण भिंग खिशात टाकताना त्याच्या डोळ्यांसमोर ताईचा दाखला नव्हता. खताची कड होती.

आपल्याला वाईट म्हटलं जाण्याची त्याला सवय झाली होती. मागच्या भिंतीची भेग त्यानं गेल्या पावसानंतर बुजवली, आता ती बुजवलेल्याच्या शेजारून निघाली होती. आईला जिना चढवत नव्हता. रात्री लाकूड कुरकुरलं की तो जागा व्हायचा आणि वरच्या खोलीत ताई आहे हे आठवून परत झोप लागायची नाही. उद्या काही झालं तर सगळे त्यालाच विचारणार होते, तू घरात होतास ना. ही भीती बोलून दाखवता येत नव्हती, म्हणून तो मजले आणि चौरस फूट बोलत होता.

आईनं एकेक टाका सोडवला. दोरे वर्तमानपत्रावर साठत गेले. ताई प्रत्येक कागद दोन्ही हातांनी उचलून ज्याच्या त्याच्या पाकिटावर ठेवत होती. बारक्याचा शाळा सोडल्याचा दाखला आला, वर्तणुकीच्या रकान्यात 'समाधानकारक' लिहिलेलं.

"हे बाबांनी लिहून घेतलं असणार," वहिनी म्हणाली.

"वहिनी, तुम्ही आल्यावर बिघडलो मी. त्याआधीचा कागद आहे तो."

मग खरेदीखत निघालं. जाड, हिरवट कागद, शाई तांबूस तपकिरी झालेली. ताईनं ते तपकिरी नावाच्या पाकिटावर ठेवलं. दादानं हात मागे बांधले. आता लगेच उचललं तर बरं दिसलं नसतं.

त्याच्या पाठोपाठ ताईचा दाखला. तिनं तो उजेडात नेला आणि शिलाईत दडलेली कड पाहिली. मग कागद उलटा करून पाहिली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"इथे काही नाहीये."

"भिंग घे."

तिनं भिंग घेतलं नाही, कागदच त्याच्या हातात दिला. दादानं डोळ्याला भिंग लावलं. दाभणाची भोकं होती, खळीचा पिवळा पट्टा होता, आणि कोरा कागद होता. आकडा नव्हताच. तो कागद फिरवत गेला आणि बाहेरच्या कडेवर थांबला. तिथं रेघांच्या चौकटीची रेघ कागदाच्या काठावर येऊन संपत होती. उरलेल्या तिन्ही बाजूंना चौकटीबाहेर समास होता, इथे नव्हता.

"ताई, ही कड मशिनची आहे," तो म्हणाला. "छाटलेली."

"छाटलेली म्हणजे?"

"बाबांनी पुस्तक बांधून झाल्यावर कटिंग मशिनखाली घातलं असणार. कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून. कुठलंही पुस्तक ते तसंच सोडायचे नाहीत."

त्यानं खत उचललं आणि तेही भिंगाखाली धरलं. तिथंही तसंच. हिरव्या कागदाचा समास तीन बाजूंना, चौथी बाजू सुरीनं कापलेल्या वडीसारखी गुळगुळीत. त्याला एकदम थकवा आला. वकिलाला शिलाईतला क्रमांक दाखवतो म्हणून शब्द दिला होता.

"घ्या," बारक्या म्हणाला. "बाबांनी ताईचा जन्मच छाटून टाकला." कुणी हसलं नाही, तेव्हा त्याचाही चेहरा उतरला. "अगं, तसं नाही म्हणायचं मला."

ताई खुर्चीत बसली. "मी तिन्ही कडा पाहिल्या," ती म्हणाली, स्वतःशीच बोलावं तशी. "तिन्ही कोऱ्या होत्या. पान पूर्ण आहे हे मी धरूनच चालले होते. तपासलं नव्हतं."

दोरे टेबलावर पडले होते, ठोकळा नुसता पुठ्ठा आणि पाठ होऊन उघडा पडला होता. तो उसवला होता आणि हाती काहीच लागलं नव्हतं. आता आई रडेल असं दादाला वाटलं.

आई रडली नाही. ती पुठ्ठ्याच्या पाठीवर बोटानं टकटक करत होती.

"तुझे बाबा घरच्या पुस्तकाची कातरण टाकायचे नाहीत," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पुस्तकाची पोत्यात जायची, रद्दीवाल्याकडे. घरची पाठीला. पाठ जाड व्हायला लागते ना, तिथं पट्ट्या चिकटवायचे. मीच खळ लावून देत होते."

*

पुठ्ठ्याचं कापड वहिनीनं कडेनं सोलून काढलं. आत जाळीचं फडकं, आणि फडक्याखाली कागदाच्या करंगळीएवढ्या पट्ट्या, उभ्या, शेजारी शेजारी, एकीवर एक. पांढरट, पिवळ्या, निळसर, मधे एक हिरवट. सगळ्यांच्या कडांचे तुकडे एका लगद्यात बसले होते.

"हे कोरडं ओढलं तर फाटेल," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, कामाचा झाला होता. "खळ पिठाची आहे, वाफेनं सुटेल. पण शाई टिकली पाहिजे. काही शाया पाण्यात विरघळतात, काही नाही. बारक्या, किटली."

"ठेवली."

"कापूस आण गं."

वहिनीनं कापूस आणला. ताईनं आगकाडीच्या टोकाला तो गुंडाळून वात केली, पाण्यात बुडवून निथळली आणि दाखल्यावरच्या एका अक्षराच्या शेपटाला टेकवली. सगळे वाकले. ताईनं वात उचलून पांढऱ्या बशीवर ठेवली. वात पांढरीच होती.

"लोहाची शाई आहे. कागदात मुरून बसते. पूर्वी सरकारी कामाला हीच वापरायचे. जुनी झाली की अशी तांबूस होते, पण पाण्याला सोडत नाही."

मग किटलीच्या चोचीपुढे पाठ धरणं, पट्टीचं टोक चिमट्यानं उचलणं, पुन्हा वाफ. बारक्या किटली धरून उभा होता आणि एकदाही बोलला नाही. दादा भिंग लावून कुठली पट्टी कुणाची ते सांगत होता. वहिनी सुटलेला तुकडा टिपकागदावर घेत होती. तिला या घरात येऊन मुलं मोठी होऊन बाहेर पडेपर्यंतचा काळ झाला होता, आणि ही माणसं एका कामावर अशी गप्प वाकलेली तिनं क्वचितच पाहिली होती.

तिचं मन मात्र दुकानातल्या काउंटरवर होतं. दोन महिन्यांपूर्वी एक माणूस एका नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीसाठी छटा बघायला आला होता. तिनं पुस्तक उघडून दिलं. त्यानं फिकट राखाडी निवडली. कुठली इमारत, तिनं पावतीसाठी विचारलं, आणि त्यानं तिच्याच घराचा पत्ता सांगितला. घर अजून उभं आहे, तिथं माणसं राहतात, मी राहते, असं ती म्हणाली नाही. तिनं राखाडीत किती काळा आणि किती पिवळा पडेल ते सांगितलं. घरी येऊन वाट पाहिली, नवरा आज सांगेल, उद्या सांगेल. त्यानं सांगितलं ते सगळ्यांच्या बरोबर, मागच्या आठवड्यात, जेवताना. आणि त्या वेळी ताई तिच्याकडेच बघत होती, ही सगळी तुझीच करामत असणार अशा नजरेनं. खुलासा करायला जावं तर नवऱ्याचं हसं. तिनं वाढायला घेतलं होतं.

"आली," ताई म्हणाली.

पट्टी टिपकागदावर उताणी पडली. त्यावर उभ्या ओळीत, बारीक तांबूस अक्षरात, क्रमांक आणि वर्ष होतं. दादानं भिंग लावून तो मोठ्यानं वाचला. ताईनं लिहून घेतला, त्याला परत वाचायला लावला, मग स्वतः वाचला. मग पट्टी दाखल्याच्या कडेला लावून पाहिली. चौकटीची तुटलेली रेघ तुटलेल्या रेघेला जुळली.

"बाबा," ताई म्हणाली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. वहिनीनं पाहिलं, ताईचा निळ्या पाकिटावरचा हात आत्ता थरथरायला लागला होता, काम झाल्यावर.

*

"माझीही पट्टी काढ," दादा म्हणाला.

ताई ऐकत होती, पण तिनं आधी दाखला निळ्या पाकिटात ठेवला, पट्टी दोन टिपकागदांत घालून त्याच्या शेजारी ठेवली, पाकीट बंद केलं. हे येणारच असं ती धरून चालली होती. पाठीत हिरवट पट्टी दिसत होती, तोंड आत करून चिकटवलेली.

"ताई, तुला कळतंय ना? मी कुणाचं ओरबाडून घेत नाहीये. भिंत तग धरत नाहीये आता."

"कळतंय."

"मग? अर्ध्या तासाचं काम आहे. किटली गरमच आहे."

"दादा, गच्चीचं नक्की काय ते आधी लिहून घे हं," बारक्या म्हणाला. आई त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा त्यानं किटली पुन्हा शेगडीवर ठेवली.

नाही म्हणायला ताईकडे कारण नव्हतं. स्वतःचा कागद काढून घेऊन झाल्यावर भावाचा अडवायचा, हे तिला शोभलं नसतं. उद्या हे खत वकिलाकडे जाईल, परवा माणसं फीत घेऊन माडीवर चढतील. खिडकी किती बाय किती ते मोजतील. ती कुणाच्या तरी आतल्या खोलीत झोपेल आणि सकाळी बाहेर यायच्या आधी चाहूल घेईल, कुणी उठलंय का. हे सगळं तिला एका क्षणात दिसलं, आणि तिनं कापसाकडे हात नेला.

"आधी शाई बघावी लागेल," ती म्हणाली. "दाखल्याची टिकली म्हणून खताची टिकेल असं नाही."

"बघ ना. बघ."

तिनं नवी वात केली. वात पाण्यात बुडवताना थेंब वर्तमानपत्रावर सांडले. पुन्हा निथळायला गेली तर काडी बोटांतून निसटली.

"द्या, मी करते," वहिनी म्हणाली. "तुमचा हात स्थिर नाहीये."

वहिनीनं काडी उचलली. निथळायला वात अंगठा आणि तर्जनीत दाबली, हलकेच फिरवली. ताई शेजारीच उभी होती. वाफेनं ओलसर झालेली ती दोन बोटं, त्यांच्यावरचे सकाळच्या गळक्या स्केचपेनचे तपकिरी डाग, आणि त्यांच्यामध्ये ती ओली वात. मग वहिनीनं वात खतावरच्या एका अक्षराला टेकवली, नीट, पुरेसा वेळ, आणि पांढऱ्या बशीवर ठेवली.

वात तपकिरी झाली होती.

"अहो, रंग सुटतोय," वहिनी दादाला म्हणाली. दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं, जरा दिलगिरीनं.

दादानं भिंग लावलं. बशी जवळ ओढली. खताचा रंग पाहिला, वातीचा पाहिला. "सुटतोय," तो म्हणाला. "म्हणजे वाफ दिली तर आकडा जाईल?"

प्रश्न ताईला होता. सगळे तिच्याकडे बघत होते. ती वातीकडे बघत होती. त्या तपकिरीत लालसर झाक होती, आणि काठाला गुलाबी कड फुटायला लागली होती. लोहाची शाई अशी कधी सुटत नाही. सुटलीच तर राखाडी सुटते. खतावरच्या अक्षराभोवती ओल्या कागदाचा गोल होता आणि अक्षर जिथल्या तिथे, काठ न पसरता.

तिनं मान वर केली. वहिनी तिच्याकडे बघत नव्हती. ती त्या गळक्या पेनाला टोपण लावत होती आणि अंगठा साडीच्या पदराच्या आतल्या बाजूला पुसत होती.

मागच्या आठवड्यातल्या जेवणापासून आपण या बाईविषयी काय काय समजून बसलो, ते ताईला आठवलं. तेही तपासलं नव्हतं.

"असा रंग आल्यावर," ताई म्हणाली, आणि थांबली. तिनं वाक्य पुन्हा जुळवलं, त्यात खोटं काही येऊ नये म्हणून. "असा रंग आल्यावर वाफ देत नाहीत."

"कोरडी ओढली तर?"

"फाटेल."

दादानं भिंग डोळ्यावरून काढलं. भिंगाचा गोल वण डोळ्याभोवती राहिला होता, त्यामुळे तो लहानपणी रडल्यावर दिसायचा तसा दिसत होता. "राहू दे मग," तो म्हणाला. "वकिलाला सांगतो, वह्या चाळायला लाव म्हणून. लागतील तेवढे महिने लागतील." तो खिडकीशी गेला आणि तिथून, मागे न वळता, म्हणाला, "तोवर भेगेला टेकू तरी लावून घेतो. तू वर झोपतेस."

"लावू या," ताई म्हणाली. "दोघं मिळून."

"मीपण येतो," बारक्या म्हणाला. "उंचावरचं काम आहे."

आईनं उरलेली पाठ, सगळ्या पट्ट्यांसकट, जाळीच्या फडक्यात गुंडाळली आणि पुन्हा मांडीवर घेतली. जाता जाता तिनं वहिनीचा हात हातात घेऊन अंगठा उजेडात उलटा करून पाहिला, आणि म्हणाली, "साबणानं धू, नुसत्या पाण्यानं जायचा नाही तो."

प्रयोगशाळेत एक नियम होता, आणि नव्या मुलींना तो पहिल्या दिवशी ताईच शिकवायची. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा आला, की चाचणी पुन्हा करायची. कितीही उशीर झालेला असो, कुणीही वाट बघत असो, नवी वात घ्यायची आणि पुन्हा करायची.

टेबलावर कापूस होता, पाणी होतं. ताईनं बशीतली वात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात गुंडाळली, कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि किटली उतरवून ठेवली.